पडद्यामागील गडगडाट

गेले कांहीं आठवडे दुपारच्या वेळीं शाळेच्या सभागृहांतून पत्र्याचा गडगडाट, घोड्यांच्या टापा आणि मधूनच एखादी किंकाळी ऐकूं येत असते. यावरून कित्येक पालकांनीं आमच्यापाशीं विचारणा केली. "सर, परीक्षा तोंडावर आली आणि मुलांचा हा कसला गोंगाट?" प्रश्न रास्त आहे. तेव्हां हा गोंगाट म्हणजे काय, तो कसा शिकवितात व कशासाठीं शिकवितात, हें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

आमचे इयत्ता नववीचे विद्यार्थी स्वतः नाटुकलीं रचतात. त्यांचा साचा 'मेलोड्रामा' या जातीचा असतो. 'मेलोस्' म्हणजे ग्रीक भाषेंत गीत. तेव्हां मेलोड्रामा म्हणजे वाद्यांच्या साथीनें चालणारें नाट्य. इंग्रजी रंगभूमीवर हें नांव 1802 सालीं टॉमस होलक्रॉफ्ट याच्या नाटकानें रूढ झालें, व तें नाटकही मूळ फ्रेंचवरून घेतलेलें होतें. खलपुरुष आला कीं वाद्यें गुरगुरावीं, निष्पाप नायिका आली कीं सूर कोमल व्हावा, अशी त्याची रीत. आपणांस ही रीत परकी नाहीं. दशावतारांत राक्षस येतो तो मृदंग व झांजा यांच्या कडकडाटांतच. कीर्तनकारही शब्द व वाद्य यांच्या संगतीनें श्रोत्यांस हंसवितो आणि रडवितो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं सुवार्तेसाठीं कीर्तनाचाच अंगीकार केला, यांत आश्चर्य तें काय?

या साच्यास रसिक लोक भडक म्हणतात. तो भडक आहेच. सज्जन तो केवळ सज्जन, दुर्जन तो केवळ दुर्जन, घड्याळाचे कांटे पुढें सरकत आहेत आणि सुटका शेवटच्या क्षणीं! परंतु चौदा वर्षांच्या मुलाच्या मनांतील भावनाही लहान नसतात. त्या दाखविण्याचीच त्यास लाज वाटते. मोठ्या आवाजाचें पात्र मिळालें कीं त्या पात्राच्या आडून तो मोकळा होतो.

आतां आवाजांविषयीं. यंत्रांत भरून ठेवलेले आवाज आम्ही वापरीत नाहीं. प्रत्येक आवाज मुलांनीं हातानें तेथल्या तेथें काढावयाचा असतो. जस्ताचा पातळ पत्रा दोरीनें टांगून खालच्या कडेस धरून हलविला कीं मेघगर्जना होते. सुपांत मोहऱ्या किंवा तांदूळ हळूहळू फिरविले कीं पाऊस पडतो. नारळाच्या दोन करवंट्या मातीच्या थाळ्यांत आपटल्या कीं घोडा मऊ वाटेनें येतो, फरशीवर आपटल्या कीं तोच घोडा फरसबंदीवरून येतो. दोन ठोकळ्यांस पॉलिशपेपर गुंडाळून ते ठेक्यांत घासले कीं आगगाडी सुटते. कुरकुरीत प्लास्टिकचा कागद चुरगळला कीं आग लागते. एका लांकडी चौकटीस छोटें दार, कडी व कोयंडा बसवून ठेवला आहे. त्यावर सर्व घरांचीं दारें उघडतात व लागतात.

साधनें सोपीं आहेत, परंतु वेळ साधणें कठीण आहे. नटाचा पाय जमिनीस टेकतो त्याच क्षणीं आवाज यावयास हवा. क्षणभर उशीर झाला कीं प्रेक्षक हंसतात. म्हणून पत्र्यापाशीं उभ्या असलेल्या मुलास नटाच्या पायाकडे, श्वासाकडे व खांद्याकडे अखंड लक्ष ठेवावें लागतें. तालमींत आम्ही एका विद्यार्थ्यास डोळे मिटून बसवितों व काय घडलें तें त्यास विचारतों. त्यास कथा कळली नाहीं, तर दोष त्याचा नव्हे. बी. बी. सी. नें 1924 च्या जानेवारींत रिचर्ड ह्यूज याची एक श्रुतिका ध्वनिक्षेपित केली. खास रेडिओसाठीं लिहिलेलें तें आद्य नाटक मानलें जातें. कोळशाच्या खाणींत दिवे विझतात आणि पात्रें अंधारांत सांपडतात, असा त्यांतील प्रसंग आहे. पात्रांस दिसत नाहीं व श्रोत्यांसही दिसत नाहीं. सर्व भार कानांवर. ही युक्ति सांगितली कीं मुलांस ध्वनीचें महत्त्व निराळें समजावून द्यावें लागत नाहीं.

रचना करतांना प्रथम संवाद लिहूं देत नाहीं. आठदहा मुलांचा गट करून कथा पांच वाक्यांत सांगावयास लावतों: संकट कोणावर, तें कोणी आणलें, गुपित कोणतें, मुदत किती, सुटका कशी. मग ती कथा केवळ आवाजांनीं करून दाखवावयाची, व त्यानंतर जेथें शब्दावांचून अडेल तेथेंच शब्द घालावयाचे. सरावासाठीं आपल्या चाकणचा संग्रामदुर्ग फार उपयोगीं पडतो. 1660 सालीं ऐन पावसाळ्यांत फिरंगोजी नरसाळा यांनीं शायिस्ताखानाच्या प्रचंड सैन्याविरुद्ध तो सुमारें दोन महिने लढविला. अखेर मोगलांनीं भुयार खणून सुरुंगानें बुरूज उडविला. आमच्या मुलांच्या कल्पनेंत एक पहारेकरी जमिनीस कान लावून बसतो. वर सुपांतला पाऊस आणि खालून कुदळीचा अगदीं मंद ठोका. स्फोटापूर्वीं दोन्ही आवाज थांबतात. त्या शांततेंत सभागृहांतील लहान मुलें एकमेकांचे हात धरतात.

ही शांतता आम्हांस मात्र एका विद्यार्थ्यानें शिकविली, आणि ती हकीकत सांगितल्याखेरीज हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं.

पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या भागांतील आमच्या अनेक विद्यार्थ्यांचे पालक कारखान्यांत पाळीनें काम करतात. एका वर्षीं मुलांनीं कारखान्यावरच नाटुकलें रचलें. प्रेस मशीन चालविण्यास दोन्ही हात दोन बटणांवर ठेवावे लागतात, म्हणजे हात सांच्याखालीं राहूं शकत नाहीं. नाटकांतील दुष्ट ठेकेदार काम जलद व्हावें म्हणून ही सोय काढून टाकतो आणि कामगाराचा हात सांपडतो. हाड मोडल्याचा आवाज काढण्यासाठीं एकानें मोठा मुळा कडकन मोडला, दुसऱ्यानें किंकाळी फोडली. सारा वर्ग हंसला. आम्हीही हंसलों. लोखंडी पट्टीवर प्रेसचा ठेका धरणारा मुलगा मात्र हातोडी खालीं ठेवून निघून गेला.

त्याच्या वडिलांचीं दोन बोटें एका प्रेसखालीं गेलीं होतीं. आम्हीं हें कधीं विचारलें नव्हतें. वर्गांत कोण बसलें आहे हें जाणून घेतल्यावांचून तो प्रसंग आम्हीं करूं दिला, ही चूक सर्वस्वीं आमची होती. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याची क्षमा मागितली व नाटुकलें बंद करूं असें सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, बंद नका करू. पण आवाज तसा नसतो. मशीन थांबतं, तेवढंच ऐकू येतं. पप्पांनी सांगितलंय."

तो प्रसंग त्यानेंच पुन्हां बसविला. प्रेसचा ठेका चालूं आहे, धप्, धप्, धप्; प्रेक्षकांचे कान त्यास सरावले आहेत; आणि एक ठोका पडतच नाहीं. मग शेजारचीं मशीनें एकामागून एक थांबतात. किंकाळी नाहीं, मुळा नाहीं. बऱ्याच वेळानें दूरवर पाळी सुटल्याचा भोंगा. स्नेहसंमेलनांत त्या क्षणीं सभागृहांत कोणी हललें नाहीं. त्याचे वडील प्रयोगास आले होते. नंतर भेटले तेव्हां एवढेंच म्हणाले, "सर, ठेका थोडा मंद होता. प्रेस त्याहून जोरात चालते." पुढील प्रयोगास मुलांनीं ठेका वाढविला.

तेव्हांपासून आमच्या येथें एक नियम झाला आहे: खलपुरुषास हंसावें, जखमेस हंसूं नये; आणि कोणताही आवाज काढण्यापूर्वीं तो ज्यांनीं खरोखर ऐकला आहे त्यांस विचारावें. एलीया संदेष्ट्याची होरेब पर्वतावरील कथा मुलें उपासनेंत ऐकतात. वादळांत, भूकंपांत व अग्नींत परमेश्वर नव्हता. त्यांनंतर आलेल्या मंद वाणींत तो होता. पत्रा वाजविणाऱ्या मुलास ही कथा लवकर समजते.

तर पालकांस विनंती अशी, कीं या गोंगाटास वाया गेलेला वेळ समजूं नये. मुलें येथें लक्ष देऊन ऐकण्यास शिकत आहेत, आणि त्याचा उपयोग परीक्षेंतही होईल. घरीं रिकामे डबे, करवंट्या किंवा जुनीं कडीकुलुपें असतील तर तीं मुलांबरोबर अवश्य पाठवावीं. आणि आपल्या कामाच्या जागीं कोणते आवाज असतात, हें एखाद्या संध्याकाळीं आपल्या मुलास सांगावें.