कोडाचे डाग, मलम आणि प्रकाश

हैदराबादेच्या एर्रागड्डा भागात युनानी वैद्यकाची एक सरकारी संशोधनसंस्था असून कोडाच्या उपचारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. हकीम या विकारास ‘बर्स’ म्हणतात. आपल्या वैद्यांप्रमाणे त्यांचीही भिस्त पूर्वापार बावचीच्या बियांवर: औषध लावावे आणि डाग उन्हास दाखवावा. ही रीत निराधार नव्हती. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते व त्यायोगे कातडीवर प्रकाशाचा परिणाम वाढतो, असे पुढे शास्त्रज्ञांस आढळले. मात्र घरच्या घरी बावची उगाळून उन्हात बसू नये. कातडी भाजून फोड येतात.

कोडात शरीराची संरक्षक शक्तीच रंगपेशींवर उलटते. केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशी प्रकाशाने जाग्या होतात. म्हणून चेहऱ्यावर गुण बरा येतो, बोटांच्या टोकांवर फारच थोडा.

मलम आणि विशिष्ट किरणांचा दिवा यांची रीतसर पारख ब्रिटनमध्ये झाली व तिचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. एकूण 517 रुग्णांपैकी काहींना खरे मलम व खोटा दिवा, काहींना खरा दिवा व साधे मलम, तर उरलेल्यांना दोन्ही खरे दिले. आपल्या वाट्यास काय आले हे रुग्णांस सांगितले नव्हते. नऊ महिन्यांनी डाग पुष्कळ कमी उठून दिसतो असे सांगणारे मलमाने शेकडा 17, दिव्याने 22 आणि दोहोंनी 27 निघाले. उपचार थांबल्यावर गुण ओसरला, हेही त्या विद्वानांनी प्रामाणिकपणे नमूद केले. 2022 साली अमेरिकेत रुक्सोलिटिनिब या नव्या मलमास मान्यता मिळाली; तेही महिनोन्‌महिने लावावे लागते. तेव्हा ‘पंधरा दिवसांत कोड नाहीसे’ अशा जाहिरातींवर आमचा काडीचाही विश्वास नाही.

परंतु वाचकहो, डागापेक्षा आम्हांस अधिक खुपते ते दुसरेच. ठरत आलेले लग्न एका डागापायी मोडते; मिस्सामध्ये शांतीची खूण देताना शेजारचा हात आखडता घेतो! कोड म्हणजे महारोग नव्हे. महारोगाच्या चट्ट्यास बहुधा स्पर्श कळत नाही, कोडाच्या डागास तो पूर्ववत कळतो. कोड शिवल्याने वा एका ताटात जेवल्याने लागत नाही. लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील ‘कोड’ वा ‘कुष्ठ’ या शब्दात कातडीचे नाना विकार येतात, असे शास्त्राभ्यासकांचे मत आहे. त्याचा आधार घेऊन कोणास दूर लोटणे अनुचित होय.

ज्यांच्या मुलाबाळांस नुकताच डाग दिसू लागला असेल त्यांनी तो पदराआड न लपविता सरकारी इस्पितळातील त्वचारोगतज्ज्ञास दाखवावा. ताज्या डागास जुन्यापेक्षा गुण लवकर येतो.