घरच्या लेथवरचे बुश
१९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाण्यात वागळे इस्टेट आणि पुढे डोंबिवलीत औद्योगिक क्षेत्र उभारल्यामुळे लेथकामाचे कसब या पट्ट्यात रुजले, आणि जुन्या दुचाकींचे दुर्मीळ भाग घरी घडवू पाहणाऱ्या हौशी कारागिराला त्याचाच आधार मिळतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याचे उत्पादन १९९६ मध्ये थांबल्यानंतर येझदीसारख्या गाड्यांच्या बाबतीत असे भाग घडवण्याची गरज विशेष जाणवू लागली.

बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी व स्वतः झिजून दांड्याला वाचवणारी नळी, गनमेटल या तांबे-कथिलप्रधान मिश्रधातूच्या गजातून कातली जाते. तिचा बाहेरचा व्यास बसण्याच्या भोकापेक्षा किंचित मोठा ठेवतात, म्हणजे दाबून बसवल्यावर ती सैल पडत नाही, मात्र त्या दाबाने आतले भोक आवळले जात असल्याने शेवटी रीमर, अर्थात भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार, फिरवावेच लागते, आणि घाईत नेमके हेच राहून जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल वर्ज्य असल्यामुळे मूळ मापाचे बुश चालते, परवानगीवाचून बदललेले इंजिन नव्हे.