नको असलेली ट्यूब

आमच्या मेडिकलमध्ये मुरुमांची चिठ्ठी आली की पुढे काय होणार ते मला आधीच कळतं. चिठ्ठीवर बहुधा दोन ट्यूब असतात. एक टक्क्याचं क्लिंडामायसिन जेल आणि अडीच टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड. मी दोन्ही काढून काउंटरवर ठेवते, रक्कम सांगते आणि समोरून प्रश्न येतो, "काकू, यातली मेन कुठली?" हॉस्टेलवर राहणाऱ्या पोराला महिनाअखेरीला दोन ट्यूबचे पैसे जड जातात, ते मला समजतं. पण मागे सरकवली जाते ती दरवेळी बेन्झॉइल पेरॉक्साइडचीच. कुणा रूममेटने सांगितलेलं असतं की ती लावली की चरचरतं, कातडी सोलते, टॉवेलचा रंग उडतो. सगळं खरं आहे. तरीही दोहोंतली एकच विकायची माझ्यावर सक्ती झाली, तर मी तीच विकेन.

दुकान कराडला, विद्यानगरच्या बाजूला. कॉलेजं, वसतिगृहं, अभ्यासिका आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, सगळं आसपासच. त्यामुळे ताप-खोकल्याखालोखाल आमच्याकडे मागणी असते ती तोंडाला लावायच्या औषधांची. त्यातल्या निम्म्याजणांकडे चिठ्ठी नसतेच. मोबाइलमध्ये रिकाम्या ट्यूबचा फोटो असतो, तोही मैत्रिणीच्या ट्यूबचा. लग्नसराईत तर आई मुलीला घेऊन येते आणि पंधरा दिवसांत चेहरा साफ करणारं काहीतरी मागते. पंधरा दिवसांत साफ करणारं औषध माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. आज नाकावर दिसणाऱ्या मुरुमाची सुरुवात त्वचेच्या आत काही आठवड्यांपूर्वीच झालेली असते. म्हणून चांगल्यातल्या चांगल्या उपचाराचाही परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात.

मुळात मुरूम म्हणजे जखम पिकावी तसा संसर्ग नव्हे, आणि अँटिबायोटिकबद्दलचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. वयात येताना अँड्रोजन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलांमध्ये तशी मुलींमध्येही. त्यांच्यामुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या मुळाशी मृत पेशींचा बोळा बसतो आणि तेलाची वाट अडते. आत कोंडलेल्या तेलावर एक जिवाणू पोसला जातो आणि शरीर त्याच्यावर चवताळून उठतं. मग लाली, सूज, पू. तेल, बोळा, जिवाणू आणि सूज या चार गोष्टींपैकी क्लिंडामायसिन जिवाणू कमी करतं आणि थोडी सूज उतरवतं. तेलाला ते हात लावत नाही, बोळाही काढत नाही. म्हणून नुसते ब्लॅकहेड असलेल्या मुलीने ते कितीही चोळलं तरी ब्लॅकहेड जागचे हलत नाहीत.

आणि हा जिवाणू काही बाहेरून आलेला नसतो. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे त्याचं 2016 पासूनचं नाव, आमच्या पुस्तकात तो प्रोपिओनिबॅक्टेरियम होता. तो तुमच्या माझ्या, अगदी गुळगुळीत चेहऱ्याच्या माणसाच्याही त्वचेत राहतो. तेव्हा त्याला मुळासकट नष्ट करणं हा उपचाराचा हेतूच नाही.

क्लिंडामायसिनची कुळकथा मला आवडते. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात लिंकन नावाचं शहर आहे. तिथल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून लिंकोमायसिन मिळालं. अपजॉन कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत थोडा फेरफार करून 1966 मध्ये क्लिंडामायसिन तयार केलं. जिवाणूच्या आत प्रथिनं बनतात, ते काम ते अडवतं. पोटात घ्यायच्या कॅप्सूलमुळे काही रुग्णांना मोठ्या आतड्याचा भयंकर दाह होतो, हे सत्तरच्या दशकात पुढे आलं आणि डॉक्टर बिचकले. मग औषध वरून लावायचं ठरलं. सुरुवातीला तयार जेल नव्हतंच. तिथले फार्मसिस्ट कॅप्सूल फोडून भुकटी अल्कोहोलच्या द्रावणात मिसळून देत. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं. लावायच्या औषधातलं फार थोडं रक्तात जातं, त्यामुळे आतड्याचा धोका अगदी कमी. तरी जेल चालू असताना जुलाब लागून थांबेनात तर जेल बंद करून डॉक्टरांना गाठायचं, एवढं मी सांगून ठेवते.

औषध चाललं, फार चाललं. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन लावून चेहरे सुधारू लागले, आणि 1979 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नोंदवलं की मुरुमांचे काही जिवाणू या औषधांना दाद देत नाहीत. इंग्लंडमध्ये लीड्सच्या त्वचारोग विभागाने पुढे वर्षानुवर्षं रुग्णांची तपासणी केली. 1991 मध्ये शंभरांतल्या सुमारे 35 जणांच्या त्वचेवर मुरुमांसाठीच्या एखाद्या तरी अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू होते. 1997 मध्ये असे रुग्ण 64 झाले. एकच तणनाशक दरसाल मारलं की फडात शेवटी त्याला न मरणारं तणच माजतं, हे आमच्याकडच्या ऊसवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही. औषध सगळ्या जिवाणूंना मारत नाही. ज्यांच्यात आधीच योगायोगाने बदल झालेला असतो ते वाचतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच पिलावळ वाढते. एरिथ्रोमायसिनला सरावलेला जिवाणू बरेचदा क्लिंडामायसिनलाही सरावलेला निघतो, कारण दोन्ही औषधं त्याच्या आत जवळपास एकाच जागी जाऊन चिकटतात.

यातली खरी काळजीची बाब मुरुमांच्या पलीकडची आहे. गालावर लावलेलं जेल गालावरच्या सगळ्याच जिवाणूंना भेटतं. त्यात स्टॅफिलोकॉकस असतात, आणि ते पुढे कधी ऑपरेशनच्या जखमेत शिरू शकतात. औषध न जुमानण्याची कला जिवाणू एकमेकांना देतातही. शिवाय हे जिवाणू घरात पसरतात. युरोपात झालेल्या एका पाहणीत रुग्णांच्या घरच्यांच्या त्वचेवर असे जिवाणू सापडले. मुरुमांवर उपचार करणाऱ्या कित्येक त्वचारोगतज्ज्ञांच्या स्वतःच्या चेहऱ्यावरही ते होते. ज्याने आयुष्यात कधी क्लिंडामायसिन लावलं नाही, त्याच्याही तोंडावर ते न जुमानणारा जिवाणू असू शकतो, असा याचा अर्थ. "माझा चेहरा, माझी ट्यूब" हे म्हणणं त्यामुळे तितकंसं खरं उरत नाही.

आता ती मागे सरकवलेली ट्यूब. मुरुमांच्या जिवाणूला प्राणवायू सोसत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड त्वचेवर फुटतं आणि त्यातून निघणारा तिखट प्राणवायू जिवाणूची प्रथिनं जागच्या जागी जाळतो. एखाद्या ठरावीक जागी जाऊन चिकटण्याची भानगडच नसल्यामुळे जिवाणूला त्यातून सुटका शोधता येत नाही. इतकी वर्षं वापरात असूनही या औषधाला सरावलेला मुरुमांचा जिवाणू सापडलेला नाही. वर ते बोळाही थोडा सैल करतं. क्लिंडामायसिनच्या जोडीला ते असलं की क्लिंडामायसिनमधून वाचलेले जिवाणू त्याच्या तावडीत सापडतात. म्हणूनच जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की लावायचं अँटिबायोटिक एकटं देऊ नका. अमेरिकी त्वचारोग अकादमीच्या 2024 च्या सूचनांतही हेच आहे. डॉक्टरांनी दोन ट्यूब उगाच लिहिलेल्या नसतात. त्यातली अँटिबायोटिकची तेवढी उचलून नेणारा नेमकं नको ते करतो.

चरचरण्यावर उपाय आहेत. अडीच टक्क्यांचं औषध दहा टक्क्यांइतकंच काम करतं आणि त्रास कमी देतं, हे 1980 च्या दशकातच दिसून आलं आहे. तरी माझ्याकडे येऊन "स्ट्राँगवालं द्या" म्हणणारे आहेतच. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावायचं, वाटाण्याएवढंच घ्यायचं, आणि फोडावर टिकली लावल्यासारखं न लावता जिथे मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. अगदीच सोसत नसेल तर त्याचा फेसवॉश मिळतो, तो थोडा वेळ ठेवून धुऊन टाकायचा. उशीला पांढरा अभ्रा घाला. आईचा नवा टॉवेल वापरू नका, कारण उडालेला रंग परत येत नाही. ट्यूब उन्हात किंवा गाडीत तापत ठेवायची नाही.

कंपन्यांचे एमआर दर थोड्या दिवसांनी नवीन डबी घेऊन येतात. नॅडिफ्लॉक्सासिन, मिनोसायक्लिनचं जेल. जुन्याचा गुण येईनासा झाला की नवं पुढे करायचं, हा धंद्याचा भाग झाला. पण तीही अँटिबायोटिकच, तेव्हा एकटी आणि महिनोन्‌महिने वापरली की त्यांचीही गत तीच. मला त्यापेक्षा जोडऔषधांचं जास्त कौतुक आहे. क्लिंडामायसिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड एकाच ट्यूबमध्ये असलं की मागे सरकवायला काही उरतच नाही. अमेरिकेत तर ऑक्टोबर 2023 मध्ये या दोघांबरोबर, बोळा बसू न देणारं ॲडापलीनही घातलेल्या तिहेरी जेलला मान्यता मिळाली.

सगळेच फोड मुरूम नसतात. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे धावून तोच घामट टी-शर्ट घालून बसतात. मग कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारखे बारीक दाणे उठतात आणि खाजतात. खाज असली की मला शंका येते, कारण मुरूम सहसा खाजत नाहीत. अनेकदा ते मलासेझिया नावाच्या यीस्टचं काम असतं, आणि अँटिबायोटिकने ते बळावतं. यीस्टवर अँटिबायोटिकचा काही परिणाम होत नाही, उलट तिचे शेजारी मरून तिला रान मोकळं मिळतं. अशा पोराला मी ट्यूब देत नाही, डॉक्टरांकडे पाठवते. पंचविशीच्या पुढच्या बाईला हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरूम येत असतील आणि पाळी अनियमित असेल, तर प्रश्न संप्रेरकांचा असू शकतो. तिथेही नुसत्या जेलने फार काही साधत नाही.

सगळ्यात वाईट अवस्था स्टिरॉइडवाल्यांची. गजकर्णासाठी घरात आणलेली, स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली क्रीम कुणीतरी मुरुमांना लावतं. चार दिवसांत लाली जाते, रंग उजळतो, घरातले खूश. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि क्रीम थांबवली की पहिल्यापेक्षा जास्त फोड उसळतात. 2018 मध्ये सरकारने लावायच्या स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये घातल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. तरी "ती गोरी करणारी" मागणारे थांबलेले नाहीत. मी नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात, हेही मला ठाऊक आहे.

हल्ली मी क्लिंडामायसिनच्या खोक्यावर मार्करने तारीख लिहून देते. एक्सपायरीची नव्हे, थांबायची. साधारण तीन महिन्यांनंतरची. फोडांची सूज उतरली की अँटिबायोटिकचं काम झालं. पुढे बोळा बसू न देण्याचं काम ॲडापलीन करतं आणि जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड. ही औषधं डॉक्टर सांगतील तितके महिने, कधी वर्षंही चालू राहतात. ॲडापलीन रात्री लावायचं, दिवसा सनस्क्रीन लावायचं, आणि दिवस राहिले असतील किंवा राहावेत असा विचार असेल तर ते लावायचंच नाही. तेव्हा ॲझेलेइक ॲसिड चालतं. मोठ्या दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडू लागले असतील, तर तीन महिने वाट बघत बसू नका. खड्डा एकदा पडला की ट्यूबने भरून येत नाही. अशा मुरुमांना पोटातून औषध लागतं आणि ते त्वचारोगतज्ज्ञांनीच द्यायचं असतं.