चार प्रश्नांची चाळणी

आपल्या नातवंडाने शाळेत वा दवाखान्यात प्रश्नावली भरून दिली आणि ‘आत्महत्येचा धोका आढळला नाही’ असा निर्वाळा मिळाला, तर त्यावर कितपत विसंबावे? अशी प्रश्नावली वापरात येण्यापूर्वी तिचीही परीक्षा घ्यावी लागते.

पहिली कसोटी विश्वसनीयतेची. तेच धान्य दोनदा तोलले असता काट्याने तेच वजन दाखवावे, तशी ही अपेक्षा. परंतु धान्य रात्रीत बदलत नाही; पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे मन बदलते. पंधरवड्याने उत्तरे निराळी आली, तर दोष प्रश्नावलीचा की मुलाची अवस्थाच पालटली, हे ठरवणे अवघड. म्हणून तिचा निष्कर्ष दुसऱ्या, रुळलेल्या प्रश्नावलीशी जुळतो का, हेही पाहतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमके हेच केले. तीन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या १० ते २१ वर्षे वयाच्या ५२४ जणांना १७ प्रश्न विचारून त्यांतले चार निवडले. मोठ्या प्रश्नावलीने धोक्यात मानलेल्या शंभरांपैकी सुमारे ९७ जण या चार प्रश्नांनी हेरले. धोका नसलेल्या शंभरांतील बाराएक जणही चाळणीत अडकले. पण ते पुढील तपासणीत सुटू शकतात. काळजी उरते ती निसटलेल्या तिघांची. शिवाय ही तुलना दुसऱ्या प्रश्नावलीशी होती, पुढे प्रत्यक्ष काय घडले त्याच्याशी नव्हे. शेकडेवारीच्या थाटात हे विसरले जाते.

प्रश्न मराठीत आणले की परीक्षा पुन्हा प्रथमपासून. ‘जीव नकोसा झाला’ असे आपण उकाड्यालाही म्हणतो!

‘विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल’ ही भीती आपल्या पिढीत खोल रुजली आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांच्या २,३४२ विद्यार्थ्यांवरील, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र असे प्रश्न विचारलेल्या मुलांचा मनस्ताप वा आत्महत्येचे विचार, न विचारलेल्यांच्या तुलनेत वाढलेले दिसले नाहीत. तेव्हा नातवंड अबोल झाले, त्याची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, तर कागदावरचे ‘नाही’ बाजूला ठेवून आपणच शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. उत्तर ‘हो’ आले, तर रागावू नये, शपथा घालू नयेत, त्याला एकटे सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही मिळते.