पित्त, चक्कर, घाम

मराठीत ‘पित्त’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या दुखण्यांना चालतो. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आले की पित्त झालं. आणि अंगावर लाल, खाजणाऱ्या गांधी उठल्या की पित्त उठलं. पहिल्यावर थंड दूध, दुसऱ्यावर आमसुलाचं पाणी. घरात या दुहेरी अर्थानं कुणाचं अडत नाही. पण दवाखान्याच्या केसपेपरवर ‘पित्त, चक्कर, घाम’ एवढेच शब्द उतरले, तर त्यांच्याआड एक जीवघेणं दुखणं लपून राहू शकतं. मी डॉक्टर नाही. आजारांच्या नोंदी कोणत्या भाषेत होतात, याचा माझ्यापुरता अभ्यास करत आलो आहे. त्या अभ्यासात या दुखण्याइतकं नोंदीतून निसटणारं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

त्याचं नाव ॲनाफिलॅक्सिस. शरीराची ॲलर्जी एकाच वेळी सर्वांगाला घेरते: गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास अडतो, रक्तदाब कोसळतो. हा शब्द 1902 सालचा. मोनॅकोच्या राजाच्या नौकेवर सुरू झालेल्या प्रयोगांत पोल पोर्तिए आणि शार्ल रिशे यांनी समुद्री प्राण्यांचं विष कुत्र्यांना टोचलं. पहिल्या वेळी तगलेली कुत्री काही आठवड्यांनी अगदी किरकोळ मात्रेनं मेली. या कामासाठी रिशे यांना 1913 चं नोबेल मिळालं.

व्यायामाचा संबंध पुढे बऱ्याच उशिरा कळला. 1979 मध्ये एका लांब पल्ल्याच्या धावपटूची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. कवचधारी समुद्री जीव खाऊन धावला की त्याला हा झटका येई. पुढच्याच वर्षी शेफर आणि ऑस्टिन यांनी अशा 16 रुग्णांचं वर्णन करून ‘व्यायामजन्य ॲनाफिलॅक्सिस’ हा वेगळा प्रकार मांडला. काहींना नुसत्या श्रमानं त्रास होतो. पण पुष्कळांच्या बाबतीत दोन गोष्टी जुळाव्या लागतात, विशिष्ट अन्न आणि त्यानंतरच्या काही तासांतले श्रम. आपल्या दृष्टीनं यातलं महत्त्वाचं अन्न म्हणजे गहू. गव्हातल्या ओमेगा-5 ग्लायडिन या प्रथिनाची ॲलर्जी असलेला माणूस पोळी खाऊन बसून राहिला तर त्याला काही होत नाही. तीच पोळी खाऊन धावला तर कोसळू शकतो. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी घेतलेली असेल तर धोका आणखी वाढतो. रोज पोळी पचवणाऱ्या माणसाला गव्हाची ॲलर्जी आहे, हे त्याला स्वतःलाही पटत नाही. निदानातली मुख्य अडचण हीच.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात पहाटे विद्यापीठाच्या परिसरात, गोगाबाबा टेकडीच्या वाटेवर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावताना दिसतात. मुलांसाठी 1600 मीटर, मुलींसाठी 800. समजा, त्यांतला एक जण घरून पोळी-भाजी खाऊन निघाला, पोटऱ्या दुखतात म्हणून गोळी घेतली आणि तिसऱ्या फेरीत त्याला खाज सुटून डोळ्यांपुढे अंधारी आली. मित्र त्याला रिक्षात घालून घाटीत किंवा जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात. तोवर गांधी ओसरलेल्या असू शकतात. सोबतचे सांगतात, ‘धावता धावता चक्कर आली.’ सलाईन लागतं, बरं वाटतं, डिस्चार्ज कार्ड मिळतं.

आता हे कार्ड रेकॉर्ड विभागात जातं आणि तिथं त्याला आयसीडीचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाचा, संकेतांक पडतो. आपल्याकडे चालते ती दहावी आवृत्ती. कार्डावर ‘चक्कर’ असेल तर आर 42. ‘शुद्ध हरपली’ असेल तर आर 55. ‘अंगावर पित्त’ असेल तर एल 50.9. ‘ऊन लागून भोवळ’ असेल तर टी 67.1. मुलगा एक, झटका एक, आणि घरं चार. ॲनाफिलॅक्सिस असं स्पष्ट लिहिलं तरच तो टी 78.2 मध्ये पोचतो, आणि त्या घराची पाटी आहे ‘ॲनाफिलॅक्टिक शॉक, अनिर्दिष्ट’. अन्नाचा संबंध लिहिला तर टी 78.0. धावण्याला या दोन्ही घरांत जागा नाही. अमेरिकेच्या सुधारित आवृत्तीत धावण्यासाठी वाय 93.02 हा जादा संकेतांक जोडता येतो. त्याच आवृत्तीत शेंगदाणा, दूध, अंडं, मासे यांना स्वतंत्र घरं आहेत. गहू मात्र ‘इतर अन्नपदार्थां’त. वर्गीकरण करणाऱ्यांच्या ताटात काय असतं, हे अशा याद्यांतून कळतं.

अकरावी आवृत्ती 2019 मध्ये मंजूर झाली आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तीत 4ए84.30 या क्रमांकावर व्यायामजन्य ॲनाफिलॅक्सिसला प्रथमच स्वतःचं घर मिळालं. यामागे ॲलर्जीतज्ज्ञांचा बराच पाठपुरावा आहे. लुसियाना तन्नो आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ब्राझीलच्या मृत्युनोंदी तपासून दाखवलं होतं, की दहाव्या आवृत्तीच्या रचनेमुळेच ॲनाफिलॅक्सिसचे मृत्यू आकडेवारीतून गळतात. मूळ कारण म्हणून चालतील असे संकेतांकच तीत फार थोडे होते.

आपल्याकडे तर गळती त्याआधीच सुरू होते. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना क्रमांक 4 आणि बाहेरच्या मृत्यूसाठी 4-अ भरायचा असतो. पण 2020 च्या सरकारी अहवालानुसार देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी 22.5 टक्क्यांनाच वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र होतं. जे भरले जातात त्यांतही ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे शब्द पाठ सोडत नाहीत. वास्तविक मृत्यू कसा झाला हे न लिहिता कशामुळे झाला ते लिहा, अशी सूचना असते. ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूत शवविच्छेदनातही कधी कधी खास काही सापडत नाही. अशा वेळी सोबत्यांनी सांगितलेली आणि कुणीतरी लिहून घेतलेली हकीकत हाच मोठा पुरावा.

म्हणून माझा भर नव्या संकेतांकापेक्षा त्याआधीच्या ओळीवर आहे. संकेतांक लावणारा कर्मचारी रुग्णाला पाहत नाही. तो कागद पाहतो. ‘चक्कर, घाम’ या ओळीऐवजी त्या मुलाच्या कागदावर असं हवं: ‘साडेपाचला दोन पोळ्या, सहाला वेदनाशामक गोळी. पावणेसातला धावणं सुरू, दहा मिनिटांत अंगभर गांधी, मग आवाज बसला, भोवळ. आल्यावर रक्तदाब 80/50. मांडीत ॲड्रेनालिन 0.5 मिलिग्रॅम.’ लिहायला दोन मिनिटं लागतात. घड्याळाची वेळ यात सर्वांत मोलाची, कारण रक्तातलं ट्रिप्टेज तपासायचं तर नमुना झटक्यानंतर शक्यतो पहिल्या दोन तासांत घ्यावा लागतो. पुढे ते उतरत जातं. आणि ‘पित्त’ हा शब्द ऐकला की एक प्रश्न विचारायलाच हवा, जळजळ की गांधी?

अशी ओळ हातात असली, की पुढचा डॉक्टर त्या मुलाला गव्हाच्या तपासणीला पाठवू शकतो, धावण्याआधी चार-सहा तास पोळी नको, गोळी नको, एकट्यानं धावू नको, खाज सुटताच थांब, असं सांगू शकतो. भरती सोडायचीही गरज पडेलच असं नाही. मराठवाड्यात ज्वारी-बाजरीची भाकरी अजून घरोघरी होतेच.