१६ किलोंची सॅक, घोट्याएवढी वाळू आणि पहाटेची हजेरी

हेडफोन नीट लावलेत ना? बसमधे असाल तर सीट पकडून घ्या, रनिंगला निघाला असाल तर आधी लेस तपासा. आजचा विषय तुमच्याच पायांचा आहे.

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना जिथे मी अडखळलो, ते 'अं... म्हणजे...' तेवढं काढून टाकलंय.

मागच्या भागात आपण शहरातल्या मॅरेथॉनबद्दल बोललो होतो. डीजे, सेल्फी पॉइंट, फिनिशला मेडल दातात धरून फोटो. आज अशा मॅरेथॉनबद्दल बोलू, जिथे पहाटे डीजे नसतो, हजेरी असते. तीही बहुतेक गैरहजर माणसांची.

तिचं नाव 'बटान मेमोरियल डेथ मार्च'. जागा: अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातला व्हाईट सँड्स मिसाईल रेंज हा लष्करी तळ. अंतर २६.२ मैल, म्हणजे आपलं ओळखीचं ४२.२ किलोमीटर. शिवाय १४.२ मैलांचा एक छोटा मार्गही असतो.

मी तिथे कसा पोचलो?

मी तेव्हा टेक्सासमधे एका प्रोजेक्टवर होतो. टीममधला एक जण आधी सैन्यात होता. लंचला मी माझा हाफ मॅरेथॉनचा टाईम सांगून भाव खात होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मार्चमधे माझ्याबरोबर चल. तिथे टाईम कोणी विचारत नाही."

मला वाटलं, बरं आहे, एक हटके रील होईल. खरं सांगतो, एवढंच डोक्यात होतं.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ही रेस कळत नाही

बटान हा फिलिपिन्समधला एक द्वीपकल्प. दुसऱ्या महायुद्धात जपानने हल्ला केल्यावर अमेरिकन आणि फिलिपिनो सैन्य तिथे अडकलं. जानेवारी १९४२ पासून शिधा निम्म्यावर आला. त्यात मलेरिया, हगवण. शेवटी ९ एप्रिल १९४२ ला जनरल एडवर्ड किंग यांनी शरणागती पत्करली. साधारण ७५ हजार सैनिक कैद झाले आणि त्यातले बहुसंख्य फिलिपिनो होते. ही गोष्ट अमेरिकन सिनेमात बऱ्याचदा मागे पडते, म्हणून मुद्दाम सांगतोय.

या आधीच उपाशी आणि आजारी माणसांना एप्रिलच्या उन्हात सुमारे १०० किलोमीटर चालवलं गेलं. मारिवेलेसहून सॅन फर्नांडोपर्यंत पायी, तिथून मालगाडीच्या बंद डब्यांत कोंबून कापासला, मग पुन्हा पायी कॅम्प ओ'डॉनेलला. वाटेत पाण्याचे झरे होते, पण प्यायला गेलं की मार बसायचा. जो मागे पडला त्याला संगिनीने किंवा गोळीने संपवलं जायचं. कॅम्पमधे पोचल्यावरही मरण थांबलं नाही. तिथे सुमारे दीड हजार अमेरिकन आणि वीस हजारांहून जास्त फिलिपिनो कैदी मेले. फिलिपिन्समधे ९ एप्रिलला आजही 'शौर्य दिन' म्हणून राष्ट्रीय सुट्टी असते.

आता न्यू मेक्सिकोच का? तिथल्या नॅशनल गार्डची २००वी कोस्ट आर्टिलरी रेजिमेंट फिलिपिन्सला पाठवली होती. त्यातून पुढे ५१५वी रेजिमेंट निघाली. या दोन्हींत न्यू मेक्सिकोचे मिळून सुमारे १८०० जण होते. परत आले जेमतेम निम्मे. एका विरळ वस्तीच्या राज्याच्या दृष्टीने याचा अर्थ, जवळपास प्रत्येक गावात कोणाचा तरी मुलगा, भाऊ किंवा नवरा गेला.

१९८९ मधे न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या आरओटीसी कॅडेट्सनी (आपल्या एनसीसीचा मोठा भाऊ समजा, यातून थेट अधिकारी तयार होतात) त्यांच्या आठवणीत हा मार्च सुरू केला. तेव्हा शंभरेक लोक होते. १९९२ मधे तो व्हाईट सँड्सला आला आणि आता हजारोंच्या संख्येने लोक येतात.

पहाटेची हजेरी

हा तळ किती मोठा? सुमारे ८३०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दुपटीहून मोठा. जगातला पहिला अणुबॉम्ब १६ जुलै १९४५ ला याच रेंजच्या उत्तर भागात फोडला गेला. आपला मार्ग त्याच्या एका कोपऱ्यातला. तरी तळ तो तळच. गेटवर ओळखपत्र तपासतात, गाड्यांची रांग लागते आणि त्यामुळे रात्री दोन-अडीचला उठून निघावं लागतं.

मैदानावर पोचलो तेव्हा अंधार होता आणि थंडी अशी की दात वाजत होते. आजूबाजूला युनिफॉर्ममधले सैनिक, कॉलेजची मुलं, साठीच्या बायका, कृत्रिम पाय लावलेले माजी सैनिक. बऱ्याच जणांच्या सॅकवर एक जुना ब्लॅक अँड व्हाईट फोटो पिन केलेला. आजोबा, पणजोबा, मामा.

मग हजेरी सुरू झाली. बटानमधून वाचलेल्यांची नावं एकेक करून पुकारतात. पूर्वीच्या वर्षी मैदानातून म्हातारा आवाज यायचा, "हजर!" आता एक नाव घेतात आणि शांतता. दुसरं नाव. शांतता. हजारो लोक उभे आहेत आणि कोणी खोकतसुद्धा नाही. शेवटी बिगुल वाजतो.

मी फोन खिशात ठेवला. रील काढायची राहूनच गेली.

मार्ग: महाबळेश्वर ते कळसूबाई, वाळवंटात

आता इंजिनिअर म्हणून जरा आकड्यांकडे येतो.

सुरुवातच जवळपास महाबळेश्वरच्या उंचीवर होते, १३०० मीटरच्या आसपास. तिथून मिनरल हिल नावाच्या डोंगराला वळसा घालत मार्ग चढत जातो आणि सर्वात वरचा टप्पा साधारण कळसूबाईच्या उंचीचा, १६०० मीटरच्या पुढे. सावली नाही. पहाटे जॅकेट घालावं असं वाटतं आणि दुपारी कातडी भाजते. वारा सुटला की दातांखाली वाळू करकरते.

मग विसाव्या मैलानंतर येतो तो प्रसिद्ध 'सँड पिट'. घोट्यापर्यंत पाय रुततो. वाळू इतकी का दमवते? डांबरी रस्त्यावर पाय दाबला की रस्ता तेवढ्याच जोराने उलट ढकलतो. वाळू मात्र पायाखालून सरकते, म्हणजे तुमची बरीच ताकद पुढे जाण्याऐवजी वाळू हलवण्यात खर्च होते. मोजमापं सांगतात की मऊ वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. आणि हे येतं कधी, तर ३२-३३ किलोमीटर झाल्यावर, जेव्हा अंगातलं ग्लायकोजेन संपत आलेलं असतं. ज्याने कोणी हा मार्ग आखला, त्याला माझा दंडवत. (हसू)

यात 'लाईट' आणि 'हेवी' असे दोन प्रकार आहेत. हेवीमधे पाठीवर कमीत कमी ३५ पौंड, म्हणजे जवळपास १६ किलो वजन. कल्पना येत नसेल तर घरचा रिकामा गॅस सिलिंडर उचलून बघा, साधारण तेवढंच. फिनिशला सॅकचं वजन करतात, त्यामुळे वाटेत काही टाकून देता येत नाही. बरेच जण वजनासाठी तांदूळ आणि राजम्याच्या पिशव्या भरतात आणि शेवटी ते धान्य गरजूंसाठी दान करतात. ही पद्धत मला फार आवडली. टीम प्रकारात पाच जण असतात आणि पाचही जणांनी एकत्र फिनिश करायचं. म्हणजे तुमचा वेग तुमच्यातल्या सर्वात दमलेल्या माणसाचा वेग.

मी लाईटमधे होतो. माझा तो मित्र हेवीमधे, आणि तरीही तो माझ्यासाठी थांबत होता. भाव खाणाऱ्याची अशी जिरते.

माझी चूक, तुमच्या उपयोगाची

मी नवे कोरे शूज घालून गेलो. हो, माहितीये, शिव्या घाला. अठराव्या मैलापर्यंत दोन्ही टाचांना फोड आले होते. फोड येतो घर्षण, ओलावा आणि उष्णता यांमुळे. वाळू आत गेली की सॅंडपेपरच झाला. एका वॉटर पॉइंटवर तिथल्या वैद्यकीय मदतनीसाने मला बसवलं, फोड साफ करून पट्टी बांधली, हातात संत्र्याची फोड दिली.

तुम्ही कधी वजन घेऊन लांब ट्रेकला किंवा अशा इव्हेंटला जाणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा. शूज किमान दीड-दोनशे किलोमीटर वापरलेले हवेत आणि अर्धा नंबर मोठे, कारण पाय सुजतात. आत पातळ, वर जाड असे दोन मोजे घाला, म्हणजे घर्षण मोज्यामोज्यात होतं, कातडीवर नाही. बुटांवर गेटर लावा. टाच नुसती गरम वाटायला लागली की लगेच थांबून टेप लावा, फोड यायची वाट बघू नका. सॅकमधलं जड सामान वरच्या बाजूला आणि पाठीला चिकटून ठेवा. सराव ५ किलोंपासून सुरू करून दर आठवड्याला थोडं वाढवा. आणि वजन घेऊन पळू नका, भरभर चाला. गुडघे एकदाच मिळतात.

तो प्रश्न

संत्र्याची फोड खाताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ती अजून गेलेली नाही. दुसऱ्यांच्या यातनांच्या नावाने आपण हौसेने चालतो, टी-शर्ट घेतो. हे बरोबर आहे का?

मी मित्राला विचारलं. तो म्हणाला, "तुला आत्ता गाडीत बसून परत जायचंय का? जाऊ शकतोस. त्यांना ते नव्हतं. एवढं समजायला मला दरवर्षी वीस मैल लागतात."

मला हे पटलं. त्यांनी काय सोसलं ते या रस्त्यावर आपल्याला कळत नाही, कळूच शकत नाही. आपलं आणि त्यांचं अंतर किती आहे, हे मात्र पायाला कळतं. माझ्या फोडावर पट्टी बांधणारा माणूस होता. मागे पडलो तर हात द्यायला मित्र होता.

आणि हात देण्यावरून आठवलं, कर्नल बेन स्कार्डन. बटानमधून वाचलेले, पुढे क्लेमसन विद्यापीठात प्राध्यापक झाले. कैदेत ते मरायला टेकले होते. हेन्री लाईटनर आणि ओटिस मॉर्गन या त्यांच्याच कॉलेजच्या दोन मित्रांनी त्यांची सेवा केली, त्यांना भरवलं. स्कार्डन यांनी लपवून ठेवलेली कॉलेजची सोन्याची अंगठी विकून त्यांनी मांसाचा एक छोटा डबा आणि एक कोंबडी मिळवली. त्यावर स्कार्डन तगले. ते दोघं मित्र मात्र परत आले नाहीत.

नव्वदीच्या आसपास असताना स्कार्डन व्हाईट सँड्सला येऊन चालायला लागले. वर्षानुवर्षं साडेआठ मैल चालायचे, पुढे वयोमानाने अंतर कमी झालं, पण वयाच्या १०० व्या वर्षीही ते या रस्त्यावर होते. २०२१ मधे, १०४ व्या वर्षी ते गेले.

साडेआठ मैलांच्या खुणेपाशी मित्राने मला ही गोष्ट सांगितली होती. तेव्हा मी "हो का" म्हणून पुढे गेलो. सँड पिटमधे माझा पाय रुतला आणि त्याने सॅकसकट वाकून हात पुढे केला, तेव्हा ती गोष्ट मला नीट ऐकू आली.

माझा टाईम? नऊ तासांच्या वर काहीतरी. ऑफिसात कोणी विचारला नाही, मीही सांगितला नाही.

तुमच्या गावात, घराण्यात कोणी सैन्यात होतं का? त्यांचं नाव तुम्हाला माहितीये का? नसेल तर आज घरी फोन करून विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागाची सुरुवात आपण त्याच नावांनी करू.

तोपर्यंत पाणी प्या, मोजे बदला. भेटूच.