अस्वल गुदगुल्या करत नाही

अस्वल माणसाला धरून गुदगुल्या करतं आणि हसवून हसवून मारतं, ही गोष्ट भंडाऱ्याकडच्या जंगलपट्ट्यात बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. वस्तुस्थितीत हसण्यासारखं काहीच नाही. अस्वलाच्या पुढच्या पायांची नखं आठ-दहा सेंटीमीटर लांब वाढतात. ती वारुळं फोडण्यासाठी असतात, पण हल्ल्यात माणसाचं तोंड, डोळे आणि डोक्याची कातडी सोलून काढतात.

मग ते माणूस खायला येतं का? तेही नाही. त्याचं पोट वाळवी, मुंग्या, मध, बोरं, टेंभरं, जांभळं आणि मोहफुलांवर भरतं. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं आणि तो आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. त्याची नजर अधू असते. त्यात वारुळात तोंड खुपसलेलं असलं की तुम्ही दहा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ताच लागत नाही. आणि दचकलेलं अस्वल पळून जाईलच असं नाही. वाघ-बिबट्यांच्या रानात वाढलेल्या या प्राण्याची रीत आधी अंगावर धावून जाण्याची आहे.

म्हणूनच अमेरिकेतल्या काळ्या अस्वलांसाठीचे मोबाइलवर फिरणारे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ती जात वेगळी. कोका अभयारण्यात, नागझिऱ्याला किंवा तुमसरकडच्या रानात दिसतं ते आपलं वाळवीखाऊ अस्वल.

थंडीत ते झोपी जातं, हाही बाहेरून आलेला समज. आपलं अस्वल बारा महिने हिंडतं. माद्या साधारण डिसेंबर-जानेवारीत गुहेत किंवा बिळात वितात आणि दोन-तीन महिन्यांनी पिल्लांना पाठीवर घेऊन बाहेर पडतात. नेमका तोच मोहफुलांचा हंगाम. फुलं रात्री आणि पहाटे गळतात; अस्वलही तेव्हाच येतं आणि टोपली घेऊन माणूसही. उजाडेपर्यंत थांबलं तर गुरं आणि हरणं फुलं फस्त करतात. त्यामुळे ‘जंगलात जाऊच नका’ हा शहाणपणा शहरात बसून सांगायला सोपा. त्या फुलांवर ज्यांचं घर चालतं, त्यांच्या तो उपयोगाचा नाही. उपयोगाचं आहे ते आवाज करणं: चार-पाच जणांनी मिळून जावं, मोठ्याने बोलावं, काठी आपटावी, बॅटरी जवळ ठेवावी. चुपचाप गेलं तर अस्वल टळतं, हा समज सगळ्यात घातक.

झाडावर चढून जीव वाचत नाही; अस्वल मधासाठी सराईतपणे झाडावर चढतं. उतारावर पळालं की त्याचे केस डोळ्यांवर येतात आणि ते आंधळं होतं, हीसुद्धा दंतकथाच. ते चढावर, उतारावर, कुठेही माणसापेक्षा वेगाने धावतं. मागच्या पायांवर उभं राहिलं म्हणजे हल्लाच करणार असंही नाही. बहुधा ते वास घेऊन अंदाज बांधत असतं. अशा वेळी दगड मारू नये, पाठही फिरवू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकावं. पिल्लू दिसलं तर आई जवळपास आहे असंच धरावं.

दोन मित्र आणि अस्वलाच्या गोष्टीत जमिनीवर पडलेला मित्र श्वास रोखून वाचतो. ही गोष्ट अर्धी खरी आहे. अस्वल अंगावर आलंच तर पालथं पडावं, चेहरा जमिनीला टेकवावा आणि दोन्ही हात मानेमागे घट्ट बांधावे. श्वास रोखायची गरज नाही. वाचवायचा आहे तो चेहरा आणि मान. ते दूर गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नये.

त्याच्या केसांचा ताईत मुलांच्या गळ्यात बांधणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अस्वल आहे. ताईताने बाधा टळेल की नाही कोण जाणे, गुन्हा मात्र दाखल होऊ शकतो.

जखम झाली तर हळद किंवा पाला लावत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, रक्त फार वाहत असेल तर आधी फडक्याने दाबून धरा आणि थेट दवाखाना गाठा. धनुर्वात आणि रेबीज या दोन्हींच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. वनविभागाला त्याच दिवशी कळवा, कारण नुकसानभरपाईसाठी पंचनामा लागतो. मदत क्रमांक आहे 1926.